एक माणूस भेटावा म्हणून

कवाई हे हवाई द्वीपसमूहातलं एक हिरवंगार बेट. १९५५ साली तिथे उसाचे मळे होते आणि मळ्यांवर राबायला जपान, फिलिपिन्स अशा दूरच्या मुलखांतून आलेल्या मजुरांची वस्ती होती. त्या वर्षी बेटावर जन्मलेल्या ६९८ बाळांची एका अभ्यासात नोंद झाली. ही मुलं एक वर्षाची, दोन वर्षांची, मग दहा, अठरा, बत्तीस आणि चाळीस वर्षांची झाली, तेव्हा तेव्हा संशोधक त्यांच्याकडे पुन्हा गेले. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी या कामात आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. वर्नरबाई १९२९ साली जर्मनीत जन्मलेल्या. त्यांचं बालपण महायुद्धात गेलं होतं. मोडक्या बालपणानंतर माणूस उभा कसा राहतो, हा प्रश्न त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता.

या मुलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला पहिल्या दोन वर्षांतच फार काही आलं होतं. घरात दारिद्र्य, अडलेलं बाळंतपण, दारू पिणारा बाप, मनाने आजारी आई, रोजची भांडणं, मोडलेला संसार, आणि यातलं एकच नव्हे, चार-चार गोष्टी एकदम. त्यातली दोन तृतीयांश मुलं पुढे अडचणीत आली. कुणी शाळेत मागे पडलं, कुणी पोलिसांच्या हाती लागलं, कुणी मनाने खचलं. यात कुणाला नवल वाटलं नाही. नवल होतं ते उरलेल्या एक तृतीयांश मुलांचं. चाळिशीला पोचेपर्यंत त्यांच्यात कुणी बेकार नव्हतं, कुणी कायद्याच्या कचाट्यात नव्हतं, कुणी सरकारी मदतीवर जगत नव्हतं. ती कामं करत होती, संसार करत होती, दुसऱ्यांना धरून होती.

त्यांच्यापाशी असं काय होतं? काहींचा स्वभाव मुळात लाघवी होता, काहींच्या अंगी एखादी कला होती. पण एक गोष्ट फिरून फिरून समोर आली. आईबाप असे असताना यातल्या मुलांना दुसरं कुणीतरी मिळालं होतं. आजी असेल, मोठी बहीण असेल, आत्या किंवा मामा असेल. घरात कुणी नसेल तर शेजारीण, आवडत्या बाई, चर्चमधला एखादा जाणता माणूस, मैत्रिणीचे आईवडील. शिवाय एखादा तरी जिवाभावाचा दोस्त. ही माणसं मानसोपचारतज्ज्ञ नव्हती. आपण कुणाला बरं करतोय, हे त्यांच्या गावीही नसेल.

या अभ्यासातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. अठराव्या वर्षी ज्यांची गाडी रुळावरून उतरली होती, त्यांतलीही बहुतेक मुलं बत्तिशी-चाळिशीपर्यंत सावरली. कुणाला सैन्यात गेल्यावर सोबती मिळाले, कुणी नोकरी करता करता पुन्हा कॉलेजला गेलं, कुणाला समजूतदार जोडीदार लाभला, कुणी एखाद्या धर्मसमूहात रमलं. कशामुळे सावरलात, असं विचारल्यावर त्यांनी जोडीदार, मित्र, नातलग आणि श्रद्धा यांची नावं आधी घेतली. व्यावसायिक उपचारांचं नाव त्या मानाने बरंच मागे राहिलं. लहानपणी जे हुकलं ते मोठेपणी मिळू शकतं, याचा इतका भक्कम आणि इतका दिलासा देणारा पुरावा फार थोड्या ठिकाणी सापडतो.

जखम काय शिकवते

बालपणातल्या आघाताबद्दल बोलताना आपण घटनेबद्दल बोलतो. कुणी मारलं, कुणी अंगाला हात लावला, कोण सोडून गेलं. घटना संपते. मागे राहते ती घटनेने दिलेली शिकवण. मार खाणारं मूल तीन गोष्टी शिकतं. हाक मारली तरी कुणी येत नाही. सांगितलं तरी कुणी खरं मानत नाही. आणि हे माझ्याच चुकीमुळे झालं. ही शिकवण अंगात इतकी मुरते की पुढे चाळिशीतला माणूस कार्यालयात सगळ्यांशी हसून बोलतो, लग्नाकार्यात पंक्ती वाढतो, आणि घरी येऊन दार लावलं की त्याचं त्यालाही कळत नाही की आपल्याला कुणाला फोन का करावासा वाटत नाही. त्याचा एकटेपणा हा स्वभाव नसतो. लहानपणी जीव वाचवायला घेतलेली ती खबरदारी असते. धोका केव्हाच संपलेला असतो, खबरदारी मात्र चालूच राहते.

१९९०च्या दशकात अमेरिकेत सॅन दिएगो इथे व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी सतरा हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. ही माणसं झोपडपट्टीतली नव्हती. बहुतेक मध्यमवर्गीय, आरोग्य विमा असलेली होती. १९९८ साली पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड अशा प्रकारांपैकी चार किंवा अधिक ज्यांनी भोगले होते, त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट आढळला. हृदयविकारासारखे शरीराचे आजारही त्यांच्यात जास्त होते.

हे परक्या देशाचं दुखणं म्हणून बाजूला ठेवता येत नाही. आपल्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांत केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १२,४४७ मुलांशी बोलणं झालं होतं. त्यांतल्या ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. ती मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत. आपल्या शेजारच्या टेबलावर बसतात, लोकलमध्ये आपल्या खांद्याला खांदा लावून उभी असतात. आणि २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे नैराश्य, चिंता यांसारखे नेहमीचे आजार असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा या देशात नाही. अशा वेळी 'तज्ज्ञांकडे जा' एवढं सांगून मोकळं होणं म्हणजे बहुतेकांना वाऱ्यावर सोडणं आहे.

गिरणगावातलं पोर

कवी नारायण सुर्वे यांची कथा मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. मुंबईत सोडून दिलेलं एक तान्हं मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी नेलं. त्याने आणि त्याच्या बायकोने, काशीबाईने, त्याला आपलं नाव दिलं, शाळेत घातलं. पुढे गंगाराम नोकरीतून निवृत्त झाले, नवराबायको कोकणात गावी निघून गेली आणि पोरवयातच नारायण मुंबईच्या रस्त्यावर पुन्हा एकटा झाला. एकाच बालपणात दोनदा पोरकेपण. हॉटेलात पोऱ्या, घरगडी, गिरणीतली हलकी कामं, मग शाळेतला शिपाई आणि शेवटी शिक्षक असा त्यांचा प्रवास आहे. १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' आलं, १९६६ साली 'माझे विद्यापीठ'. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आणि १९९८ साली पद्मश्री.

आपण या आयुष्याकडे प्रतिभेचा विजय म्हणून पाहतो. तो आहेच. पण मला त्यामागची माणसं दिसतात. चाळीच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार, युनियनच्या कचेरीत चहा पाजून पुस्तक हातात ठेवणारे कार्यकर्ते, मोर्च्यात शेजारी चालणारे लोक. आणि त्यांच्या पत्नी कृष्णाबाई, ज्यांनी 'मास्तरांची सावली' या आत्मकथनात त्या संसाराची दुसरी बाजू सांगितली. आईबापाचा पत्ता नसलेल्या पोराला गिरणगावाने 'तू कुणाचा?' या प्रश्नाचं उत्तर दिलं, तू आमचा. कवाई बेटावर वर्नरबाईंना जे चाळीस वर्षं लावून दिसलं, ते परळ-लालबागच्या चाळींत रोज घडत होतं.

मात्र त्याच फुटपाथवर आणखी किती नारायण होते? त्यांना गंगाराम भेटला नाही, युनियन भेटली नाही. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. वाचलेल्याची गोष्ट आपण आनंदाने सांगतो, कारण ती अपवाद असते. एका माणसाच्या भेटण्यावर जर सगळं आयुष्य लटकत असेल, तर ती भेट नशिबावर का सोडायची?

हरारेचा बाक

या प्रश्नाचं एक उत्तर आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेत तयार झालं. २००५ साली तिथल्या सरकारने शहरांतल्या झोपड्या आणि टपऱ्या पाडायची मोहीम काढली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अहवालाप्रमाणे सुमारे सात लाख लोकांची घरं किंवा पोटापाण्याची साधनं गेली. डॉ. डिक्सन चिबांडा हे त्या देशातल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मानसोपचारतज्ज्ञांपैकी एक. त्याच काळात त्यांच्या एका तरुण रुग्ण मुलीने जीव दिला. तिला पुन्हा तपासायला यायचं होतं. आईने नंतर डॉक्टरांना सांगितलं, बसचे पैसे नव्हते. तिकीट होतं पंधरा डॉलरच्या आसपास.

डॉक्टरांनी ठरवलं, रुग्णालय लोकांपर्यंत जाईल. पण त्यासाठी पैसा नव्हता, परिचारिका कामात बुडालेल्या, दवाखान्यात खोल्या नव्हत्या. राजधानी हरारेच्या म्बारे या दाटीवाटीच्या वस्तीत त्यांना मिळाल्या फक्त चौदा आज्या. नगरपालिकेच्या आरोग्य विभागासाठी वस्तीत फिरणाऱ्या, फारसं न शिकलेल्या, सगळ्यांच्या ओळखीच्या वयस्क बायका. खोली नाही म्हणून दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक ठेवला. डॉक्टरांनी त्याला आधी 'मानसिक आरोग्याचा बाक' म्हटलं होतं. आज्यांनी ते खोडून काढलं. असल्या नावाच्या बाकावर कोण येऊन बसेल, म्हणाल्या. मग तो मैत्रीचा बाक झाला. हे २००६ साल.

बाकावर नेमकं काय होतं, ते नीट पाहण्यासारखं आहे. दवाखान्यात आलेल्याला चौदा साधे प्रश्न विचारले जातात. गेल्या आठवड्यात विचार करून करून डोकं शिणलं का? रडू येतं का? वाईट स्वप्नं पडतात का? जीव द्यावासा वाटला का? उत्तरांवरून गरज दिसली की त्याला बाकाकडे पाठवतात. आजी बाजूला बसते. समोर नाही, बाजूला. मध्ये टेबल नसतं. सगळं ऐकून झालं की ती त्यालाच विचारते, यातलं आधी काय सोडवू या? कर्ज, नवऱ्याची मारझोड, एचआयव्हीची भीती, पोरांची फी, आजवर कुणाला न सांगितलेली जुनी गोष्ट, या सगळ्यांतून तो एक निवडतो. त्या एकावर पुढच्या भेटीपर्यंत काय करता येईल, ते दोघं मिळून ठरवतात. मग तो जातो आणि ठरल्या दिवशी परत येतो. आजी तिथेच असते. साधारण सहा भेटी होतात. त्यानंतर तो एका गटात जातो, जिथे याच वाटेने आलेल्या बायका वर्तुळात बसून जुन्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या विणतात. हात चालू असले की तोंडही मोकळं होतं. पिशवी विकली की चार पैसेही मिळतात.

याचा पडताळा चोख घेतला गेला. हरारेतल्या चोवीस दवाखान्यांत ५७३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. सहा महिन्यांनंतर नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांत नैराश्याची लक्षणं होती. बाकावर बसलेल्यांत ते प्रमाण १४ टक्क्यांखाली आलं होतं. दहांतल्या चौघांना एचआयव्हीची लागण होती, म्हणजे ही हलक्या दुःखाची माणसं नव्हती. पुढे हा बाक मलावी, झांजिबार आणि न्यू यॉर्कपर्यंत पोचला.

मला यात तीन गोष्टी लखलखीत दिसतात. लहानपणी शिकलेल्या त्या तीन खोट्या धड्यांना बाक एकेक करून खोडतो. आजी ठरल्या वेळी असते, म्हणजे हाक मारली तर कुणी येतं. ती तोंड न फिरवता ऐकते, म्हणजे सांगितलं तर खरं मानलं जातं. आणि 'आधी काय सोडवू या' हे ती त्यालाच विचारते, म्हणजे तू गुन्हेगार नाहीस, आयुष्य तुझं आहे, ठरवायचं तू. कुणी उपदेश केल्याने हे धडे पुसले जात नाहीत. अनुभवाने शिकलेलं अनुभवानेच विसरता येतं, आणि तो अनुभव एकदा येऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा यावा लागतो.

गोवा आणि पेठ

बाकावर विचारल्या जाणाऱ्या त्या चौदा प्रश्नांचा आपल्याशी थेट संबंध आहे. ती प्रश्नावली १९९०च्या दशकात हरारेत तयार झाली, आणि ती करणाऱ्यांत अग्रभागी होते मुंबईत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल. स्थानिक लोक आपलं दुःख कोणत्या शब्दांत सांगतात, हे ऐकून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बांधली. पुढे १९९६ साली पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात 'संगत' ही संस्था सुरू केली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक तरुण-तरुणींना काही आठवडे शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवायचं, असा तिथला मार्ग. तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर गोव्यात झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. तीन महिन्यांत अशा समुपदेशकांकडे गेलेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, इतरांपैकी ३९ टक्के.

महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातल्या पेठ या आदिवासीबहुल तालुक्यात पुण्याच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने 'आत्मीयता' हा उपक्रम २०१३च्या सुमारास सुरू केला. गावातलीच, लोकांचा विश्वास असलेली माणसं निवडायची. काहींनी फक्त नजर ठेवायची, कोण गप्प झालंय, कोण कामाला येईनासं झालंय. काहींनी घरी जाऊन बसायचं, मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवून बोलणं काढायचं, चार-सहा भेटी द्यायच्या, गरज पडली तर तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं आणि सरकारी योजनेचा अर्जही भरून द्यायचा. पोटात भूक असताना मन मोकळं करा म्हणण्यात अर्थ नसतो, हे या लोकांनी नीट ओळखलं. पुढे २०१७पासून गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात हे काम मोठ्या प्रमाणावर उभं राहिलं.

पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र याच सूत्रावर १९८६पासून चाललं आहे. डॉ. अनिल अवचट यांची गर्द या अमली पदार्थावरची लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी देऊ केली आणि डॉ. अनिता अवचट यांनी केंद्र उभं केलं. व्यसनाच्या मुळाशी पुष्कळदा दबलेलं बालपण असतं, हे तिथे काम करणाऱ्यांना परिचयाचं आहे. जो स्वतः त्या खाईतून वर आला, तोच नव्या माणसाला हात देतो, ही तिथली रीत. त्या हाताला जी पकड असते ती पांढऱ्या कोटाला येत नाही.

मैत्रीलाही कुंपण हवं

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. दुखावलेलं मूल मायेला भुकेलं असतं, आणि ही भूक नेमकी हेरणारी माणसं समाजात असतात. मुलांवरचे अत्याचार बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाकडून होतात आणि त्यांची सुरुवात अनेकदा मैत्रीने, खाऊने, 'हे आपलं गुपित' या वाक्याने होते. म्हणून हरारेचा बाक उघड्यावर आहे, याला फार महत्त्व आहे. तिथे बोललेलं कुणाला ऐकू येत नाही, पण बसलेली माणसं सगळ्यांना दिसतात. आजीवर देखरेख असते. जीव देण्याची भाषा ऐकली की ती एकटी निर्णय घेत नाही, वरच्यांना लगेच कळवते. मूल म्हणालं 'कुणाला सांगू नका', तर मोठ्या माणसाने ते वचन देऊ नये. २०१२च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहेच.

मोठ्या माणसाच्या बाबतीत रीत निराळी. त्याची जखम उकरू नये. 'नक्की काय झालं होतं?' हा प्रश्न मित्राचा नाही. तो सांगेल तेवढं ऐकावं, नाही सांगितलं तर नुसतं बरोबर बसावं. 'विसरून जा', 'त्यांनीही तुझ्या भल्यासाठीच केलं', 'माझ्यावर तर याहून वाईट वेळ आली होती', ही तीन वाक्यं जिभेवर आली तरी गिळावीत. आणि जे झेपेल तेवढंच कबूल करावं. रोज फोन करीन म्हणून आठवड्यात थांबणारा मित्र जुनी शिकवण पक्की करतो. दर रविवारी येईन म्हणून वर्षभर येणारा ती पुसतो. झोप उडाली असेल, माणूस स्वतःला इजा करत असेल, तर मैत्री पुरेशी नाही. तेव्हा डॉक्टरकडे सोबत जावं. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो फोन लागेपर्यंत शेजारी बसणं, हेही मित्राचंच काम.

आपल्याकडे काय आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली सांगितलं की जगातल्या दर सहा माणसांपैकी एक एकाकी आहे. महाराष्ट्राकडे या दुखण्याशी लढायला लागणारी माणसं आणि जागा दोन्ही आहेत. प्रत्येक गावात आशाताई आणि अंगणवाडी सेविका आहेत, बचत गट आहेत, भजनी मंडळं आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, देवळाचा पार आणि शाळेचा ओटा आहे. नाही ती फक्त नेमून दिलेली जबाबदारी, चार दिवसांचं चांगलं प्रशिक्षण, पाठीशी एक डॉक्टर आणि कामाचं योग्य मानधन. आशाताईंच्या डोक्यावर आधीच असलेल्या ओझ्यात हे आणखी एक फुकटचं काम म्हणून टाकणं हा अन्याय ठरेल. त्यासाठी वेगळी माणसं घ्यावीत, त्यांना पैसे द्यावेत. हरारेच्या त्या बायका आरोग्य विभागाच्या कामाचा भाग होत्या, हे विसरून चालणार नाही.

शाळांपासून सुरुवात करता येईल. प्रत्येक शाळेने वर्षाच्या पहिल्या महिन्यात मुलांची यादी घेऊन बसावं आणि प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारावा, या मुलाला नावाने ओळखणारं, त्याची विचारपूस करणारं मोठं माणूस या इमारतीत कोण आहे? ज्या नावापुढे जागा कोरी राहील, तिथे एक नाव लिहावं. बाई असतील, शिपाई मामा असतील, खिचडी शिजवणाऱ्या मावशी असतील. त्यांनी त्या मुलाला काही शिकवायचं नाही, रोज दोन शब्द बोलायचे, गैरहजर राहिला तर का ते पाहायचं, आणि काही खटकलं तर मुख्याध्यापकांना सांगायचं. याला खर्च नाही, सरकारी आदेशाची वाट पाहायची गरज नाही. येत्या जूनमध्ये ज्या शाळेला हे करावंसं वाटेल, ती करू शकते.

कवाईच्या मुलांनी आपल्याला सांगितलं की एक माणूस पुरतो आणि तो उशिरा आला तरी चालतो. हरारेच्या आज्यांनी दाखवलं की असा माणूस तयार करता येतो, नेमता येतो, त्याच्यासाठी बाक मांडता येतो. या दोन गोष्टी कळल्यावर एखादं मूल एकटं वाढलं तर त्याला त्याचं नशीब म्हणायचा आपला अधिकार संपतो.